पळणाऱ्याची वाट कोणी लिहायची?

अविनाश साबळे यांच्याविषयी मराठीत गेल्या काही वर्षांत जे लेखन झाले, त्यात एक वाक्य हमखास भेटते. लहानपणी गावात वाहनाची सोय नव्हती, म्हणून घर ते शाळा हे सहा किलोमीटरचे अंतर ते रोज चालत किंवा पळत जात, हे ते वाक्य. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा हे त्यांचे गाव. कडा हे याच तालुक्यातले बाजाराचे आणि शाळा-महाविद्यालयांचे मोठे गाव. वाक्य खरे आहे, आणि ते पुन्हा पुन्हा सांगण्यात गैर काही नाही. परंतु ते वाचून संपल्यावर आपल्या हाती काय उरते? एक आकडा. ती वाट कोणत्या शिवारातून जात होती, तिथली जमीन काळी होती की बरड, मध्ये ओढा होता का, असल्यास तो श्रावणात कसा ओलांडत, चढ जाताना लागे की येताना, यांपैकी काहीही आपल्याला कळत नाही. ज्या वाटेने या धावपटूचे पाय घडवले असे आपण कौतुकाने म्हणतो, ती वाट मराठी गद्यात उतरलेली नाही.

प्रस्तुत लेखात मला एवढेच मांडायचे आहे की ही उणीव किरकोळ नाही. वाटेचे नेमके वर्णन करण्याची मराठीची स्वतःची रीत आहे आणि ती जुनी आहे. ती आपण तीर्थस्थाने आणि गडकिल्ले यांच्यापुरती राखून ठेवली. रोजच्या पायाखालच्या वाटा, विशेषतः गरिबाच्या मुलाने पळत तुडवलेल्या वाटा, आपण कष्टाचे प्रतीक म्हणून वापरतो आणि पुढे जातो. यात साहित्याचे नुकसान आहेच. त्याहून मोठे नुकसान वाटांचे आणि त्यांवरून जाणाऱ्यांचे आहे.

तुलनेसाठी इंग्लंडकडे पाहणे येथे उचित ठरेल, कारण साबळे ज्या शर्यतीत उतरतात ती मुळात त्या देशाच्या रानातून आलेली आहे. ‘स्टीपल’ म्हणजे चर्चचा उंच निमुळता मनोरा. एका गावच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्यावर नजर ठेवून, मधली कुंपणे, दगडी भिंती आणि ओढे ओलांडत घोडे पळवण्याच्या शर्यती आयर्लंड आणि इंग्लंडात होत असत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी तोच प्रकार पायी करून पाहिला, आणि त्यातून स्टीपलचेस हा मैदानी क्रीडाप्रकार आकाराला आला. आज ३,००० मीटरच्या शर्यतीत धावपटूला २८ वेळा लाकडी अडथळा आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा पार करावा लागतो. तो अडथळा म्हणजे शेताचे कुंपण आहे आणि तो खड्डा म्हणजे ओढा. मनोरा तेवढा नाहीसा झाला. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत साबळे यांनी ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळवले. सुवर्णपदक विजेता अब्राहम किबिवोट त्यांच्यापुढे केवळ ०.०५ सेकंदाने होता. १९९८ ते २०१८ या काळातील राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदके केनियाकडेच जात होती. ती परंपरा त्या दिवशी खंडित झाली. आष्टी तालुक्यातील माणूस इंग्लंडच्या भूमीवर, इंग्रजी रानाचे सपाट केलेले रूप धावून दुसरा आला, असे या घटनेचे वर्णन करता येईल. तसे ते कोणी केले नाही, याचे कारण शर्यतीमागचे रान आपल्याला दिसत नाही.

इंग्रजीत मात्र ते रान सतत लिहिले गेले आहे. टॉमस ह्यूजच्या ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ या १८५७ सालच्या कादंबरीत मुलांचा ‘ससे आणि शिकारी कुत्रे’ हा खेळ येतो. पुढे पळणारी मुले कागदाचे कपटे टाकत जातात आणि मागची मुले त्या मागावरून शेते, कुंपणे, चिखल तुडवत पळतात. वाट आधी कागदाने जमिनीवर लिहायची आणि मग पायांनी वाचायची, असाच हा प्रकार होता. लंडनचा ‘थेम्स हेअर अँड हाउंड्स’ हा १८६८ साली स्थापन झालेला धावण्याचा क्लब त्याच खेळाचे नाव आजही मिरवतो. उत्तरेकडच्या डोंगराळ भागात ‘फेल रनिंग’ म्हणजे डोंगरधारांवरून पळण्याची परंपरा आहे. केझिक या गावी अतिथिगृह चालवणाऱ्या बॉब ग्रॅहम याने जून १९३२ मध्ये लेक डिस्ट्रिक्टमधील ४२ शिखरे २४ तासांच्या आत पायाखाली घातली. सुमारे १०६ किलोमीटर अंतर आणि ८,२०० मीटरच्या आसपास चढ असलेला तो फेरा आज त्याच्या नावाने ओळखला जातो. आल्फ्रेड वेनराइट या केंडल नगरपालिकेच्या खजिनदाराने १९५५ ते १९६६ या काळात त्याच प्रदेशातील २१४ डोंगरांवर सात खंड स्वतःच्या हस्ताक्षरात लिहिले. कोणत्या भिंतीपाशी वळायचे, कुठे दलदल आहे, उतरताना कोणती घळ टाळायची, हे त्यांत चित्रांसह दिले आहे. रिचर्ड ॲस्क्विथचे ‘फीट इन द क्लाउड्स’ हे २००४ सालचे पुस्तक डोंगरात पळणाऱ्यांवरचे आहे. त्यात भेटणारा जॉस नेलर हा वॉसडेलचा मेंढपाळ होता. १९७५ साली त्याने चोवीस तासांत ७२ शिखरे केली आणि २०२४ मध्ये त्याचे निधन झाले. ज्या डोंगरावर त्याने मेंढरे वळली त्याच डोंगरावर तो पळला. म्हणजे या लेखनाचा नायक नेहमी शहरातून हवापालटासाठी आलेला सद्गृहस्थच असतो असे नव्हे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. इंग्रज निसर्गप्रेमी आणि आपण निसर्गाबाबत उदासीन, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो उथळ ठरेल. इंग्लंडातील वाट लिहिली गेली, कारण तिच्यासाठी भांडण झाले. जॉन क्लेअर हा नॉर्थॅम्प्टनशरमधील हेल्पस्टनचा शेतमजूर कवी. १८०९ च्या कायद्याने त्याच्या गावची मोकळी जमीन कुंपणबंद होऊ लागली, आणि बंद झालेल्या वाटांचे दुःख त्याच्या कवितेचा गाभा बनले. पुढे एप्रिल १९३२ मध्ये, म्हणजे बॉब ग्रॅहमच्या फेऱ्याच्या दोनच महिने आधी, डर्बीशरमधील किंडर स्काउट या खाजगी शिकारीसाठी राखलेल्या डोंगरावर मँचेस्टर परिसरातील कामगार तरुण जाणूनबुजून घुसले. त्यांपैकी पाच जणांना तुरुंगवास झाला. १९४९ च्या कायद्याने पायवाटांची अधिकृत नोंद करणारे नकाशे तयार करणे स्थानिक प्रशासनांवर बंधनकारक झाले आणि २००० च्या कायद्याने डोंगर आणि माळ यांच्या मोठ्या भागात पायी हिंडण्याचा हक्क मिळाला. तेव्हा इंग्रजी पुस्तकात ‘डावीकडच्या कवाडातून आत जा’ असे सहज येते, त्या सहजतेखाली दीडशे वर्षांचा झगडा आहे. ते कवाड ओलांडायचा हक्क वाचकाला आहे, हे लेखकाला ठाऊक असते.

आता आपल्याकडे वळू. आष्टी-पाटोद्याचा भाग म्हणजे बालाघाटाची रांग. हरिश्चंद्रगडाकडून सह्याद्रीपासून फुटून आग्नेयेकडे सरकत आलेला हा डोंगर इथे गोदावरी आणि भीमा यांची खोरी वेगळी करतो. एका अंगाचा पाऊस सिंदफणेतून गोदावरीला मिळतो, दुसऱ्या अंगाचा सीनेतून भीमेला. या जमिनीसाठी बोलीत शब्दांची उणीव नाही. माळ, बरड, मुरमाड, चोपण, टेकाड, खिंड, बारी, लवण, घळ, वगळ, ओघळ, दरड. वाटेचेही तसेच. पायवाट, गाडीवाट, पाणंद, शिवरस्ता, बांध, वहिवाट. यांपैकी प्रत्येक शब्दाला स्वतंत्र अर्थ आहे. पाणंद दोन शेतांच्या मधून जाते, शिवरस्ता दोन गावांच्या हद्दीवरून जातो, आणि वहिवाट तर केवळ वाट नसून वर्षानुवर्षांच्या वापराने निर्माण झालेला हक्क आहे. एकाच शब्दात पाऊल आणि कायदा एकत्र बांधणारी ही भाषा वाटेबाबत दरिद्री आहे असे कोण म्हणेल?

परंतु हे शब्द आज लिखित स्वरूपात कुठे भेटतात? तहसील कचेरीत. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली अडवलेला रस्ता खुला करून मागता येतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली दुसऱ्याच्या बांधावरून जाण्याचा रस्ता मागता येतो. अशा प्रत्येक दाव्यात स्थळपाहणी होते, पंच बोलावले जातात आणि पंचनामा लिहिला जातो. पूर्वेस अमक्याचा गट, पश्चिमेस ओढा, मध्ये बाभळीचे झाड, तिथून इतक्या फुटांवर दगड टाकून रस्ता अडवलेला. मराठवाड्यातील ग्रामीण वाटेचे सर्वांत नेमके गद्य आज पंचनाम्यात आहे, असे मी कोणताही उपरोध न करता म्हणतो. म्हणजे वाट बंद झाल्यावरच आपण ती लिहितो. २०२५ मध्ये शेतरस्त्यांची नोंद सातबाराच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात घेण्याचे राज्य शासनाने ठरवले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण त्या निर्णयाच्या नजरेसमोर ट्रॅक्टर आहे, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने ते योग्यही आहे. पायी शाळेत जाणाऱ्या मुलाची दोन फुटांची वाट कोणत्याही रकान्यात बसत नाही. ती एखाद्या नांगरटीत मोडते आणि मोडल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही.

साहित्याच्या अभ्यासकांना इथे आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागेल, ती म्हणजे क्रियापदाची. मराठवाड्यात बोलताना माणूस ‘पळतो’. ‘धावणे’ हे पुस्तकातले. आणि ‘पळणे’ या क्रियापदावर भाषेने संशयाची छाया टाकून ठेवली आहे. पळ काढणे, पळून जाणे, पळपुटा, पळवाट. उलट ‘चालणे’ या क्रियापदाला केवढी प्रतिष्ठा! चालरीत, वाटचाल, चालीरीती, चालता-बोलता माणूस. आपली संस्कृती चालण्याची आहे, असे पंढरीच्या वारीकडे बोट दाखवून म्हटले जाते, आणि ते बरोबरच आहे. मात्र त्याच वारीत वेळापूरजवळच्या उतारावर ‘धावा’ होतो, हे आपण विसरतो. तुकाराम महाराजांना तिथून पंढरीच्या मंदिराचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी परंपरेची श्रद्धा आहे. तिचे स्मरण म्हणून वारकरी त्या उतारावर पळतात. दूरवर कळस दिसावा आणि माणसाने मधले रान पार करत त्या दिशेने धाव घ्यावी, हे इंग्रजी मनोऱ्याच्या शर्यतीशी किती जुळणारे आहे! फरक इतकाच की त्यांनी त्या धावेचा खेळ केला आणि आपण तिचा विधी केला. विधीला वाटेचे वर्णन लागत नाही, कारण तिथे वाट सर्वांना ठाऊक असते आणि सगळे एकत्र पळतात. एकट्याने पळणाऱ्याची वाट मात्र कोणीतरी सांगितल्याशिवाय कळत नाही.

एकट्या पळणाऱ्यांना आपण काय दिले? टोपणनावे. नाशिकच्या आदिवासी पट्ट्यातील कविता राऊत ‘सावरपाडा एक्सप्रेस’ झाल्या. साताऱ्याच्या माण तालुक्यातील मोहीच्या ललिता बाबर ‘माणदेशी एक्सप्रेस’ झाल्या. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये बाबर यांनी स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली आणि त्या दहाव्या आल्या. टोपणनावात कौतुक आहे, गावाचा उल्लेखही आहे. पण ‘एक्सप्रेस’ म्हणजे लोखंडी रुळांवरून, मधल्या थांब्यांना न जुमानता जाणारी गाडी. रानातल्या वाटेने पळणाऱ्या बाईला रुळांवर चढवून आपण तिच्या पायाखालची जमीन काढून घेतो, हे आपल्या ध्यानात येत नाही. कड्याच्या संदर्भात तर हे अधिकच विचित्र वाटते. अहमदनगर ते नवीन आष्टी हा ६६ किलोमीटरचा लोहमार्ग २३ सप्टेंबर २०२२ रोजी सुरू झाला, तेव्हा कुठे कड्यात आगगाडी आली. साबळे बर्मिंगहॅमला पदक जिंकले ते त्याच्या आदल्याच महिन्यात.

यावर असा आक्षेप येईल की मराठीत भटकंतीचे साहित्य विपुल आहे. ते मला मान्यच आहे. गो. नी. दांडेकरांची ‘दुर्गभ्रमणगाथा’ आहे, नर्मदा परिक्रमेवर आधारलेली ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ आहे, आनंद पाळंदे यांचे ‘डोंगरयात्रा’ हे नकाशांसह वाटा सांगणारे पुस्तक तर गिर्यारोहकांच्या दोन पिढ्यांनी वापरले आहे. परंतु या लेखनाचा भूगोल पाहावा. त्यात सह्याद्री आहे, गड आहेत, नदीकाठची तीर्थे आहेत. वाटेच्या टोकाला काहीतरी पूज्य किंवा ऐतिहासिक असल्याखेरीज आपण वाट लिहीत नाही. बालाघाटातही मढीच्या कानिफनाथांकडून सावरगावच्या मच्छिंद्रनाथांकडे जाणाऱ्या डोंगरवाटेला ओळख मिळाली ती समाधिस्थानांमुळे. वाडीकडून शाळेकडे जाणाऱ्या वाटेच्या टोकाला केवळ शाळा असते.

वास्तविक आपल्या गद्याच्या आरंभकाळातच याहून निराळा आदर्श उभा आहे. महानुभावांच्या ‘स्थानपोथी’कडे आपण बहुधा संप्रदायाचा दस्तऐवज म्हणून पाहतो. चक्रधरस्वामी जिथे जिथे राहिले, थांबले, बसले, त्या स्थानांची ती नोंद आहे. गाव कुठे, गावाच्या कोणत्या दिशेला देऊळ, त्याचे दार कोणत्या दिशेला, कोणत्या जागेपासून कोणती जागा कुठे, हे ती कोरडेपणाने सांगत जाते. उपमा नाही, उत्प्रेक्षा नाही. या नोंदीमागे प्रेम आहे, पण ते विशेषणांतून व्यक्त होत नाही, दिशांच्या अचूकपणातून होते. जागा बदलतील, माणसे जातील, आणि मागून येणाऱ्याला ते ठिकाण सापडले पाहिजे, ही त्या लेखनामागची निकड आहे. वाट लिहिण्यासाठी मराठीला वेनराइटकडून शैली उसनी आणण्याचे कारण नाही. चौदाव्या शतकात ती आपल्याकडे होती. इंग्रजी लेखनाकडून घ्यायचे ते इतकेच, की अशी निकड रोजच्या सामान्य वाटेबद्दलही वाटू शकते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या मुलाला नाइलाजाने पळावे लागले त्याच्या वाटेचे वर्णन करणे म्हणजे दारिद्र्याला निसर्गचित्राची चौकट बसवणे नव्हे काय? साबळे यांचे आईवडील वीटभट्टीवर राबले, हे सर्वश्रुत आहे. याच तालुक्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गाड्या निघतात. अशा प्रदेशात ‘रम्य पायवाट’ लिहिणे हा क्रूर विनोद होईल, हे मी मानतो. पण वर्णन आणि सुशोभन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ॲलन सिलिटोची ‘द लोन्लीनेस ऑफ द लाँग-डिस्टन्स रनर’ ही १९५९ सालची दीर्घकथा पाहा. तिचा नायक सुधारगृहातला चोर मुलगा आहे. पहाटेच्या थंडीत रानातून एकट्याने पळणे हा त्याच्या कैदेचाच भाग आहे, आणि त्याच धावेत त्याला स्वतःचा विचार करण्याची मुभा मिळते. शेवटी जिंकता येत असूनही तो मुद्दाम हरतो. ते रान सुंदर आहे की नाही, हा तिथे प्रश्नच नाही. ते पायाखाली आहे आणि त्यामुळे त्या मुलाचे मन आपल्याला कळते. याउलट ‘सहा किलोमीटर पळत शाळेत जात’ या वाक्यात मुलाचे मन कुठेच नाही, केवळ आपली हळहळ आहे. दारिद्र्य हे त्या मुलाच्या आयुष्यातील एकमेव सत्य होते असे धरून चालणे, हाही एक प्रकारचा अनादरच आहे. तो पळत असताना त्याला मजा आली असेल, दम लागला असेल, शर्यत लावाविशी वाटली असेल, कुत्र्याला भिऊन त्याने एखादा फेरा घेतला असेल. हे सगळे वाटेच्या तपशिलातच राहू शकते.

आणि तपशील गैरसोयीचेही असतात, म्हणून ते हवेत. आष्टी-कडा परिसरात, किंवा मराठवाड्यातल्या कोणत्याही तालुक्यात, पहाटे पळणारी तरुण मुले दिसतात ती बहुतांशी भरतीसाठी. पोलीस भरतीत मुलांना १,६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. ही मुले डांबरी महामार्गाच्या कडेने, मागून येणाऱ्या ट्रकच्या दिव्यांत पळतात. पाणंदीने का पळत नाहीत? कारण पाणंद अर्ध्यावर शेतात गडप झाली आहे, किंवा तिच्यात काटे टाकलेले आहेत. मुली कोणत्या वाटेने पळतात, कुठपर्यंत पळतात आणि कुठून मागे फिरतात, हे कोणी लिहून ठेवले तर गावाच्या भूगोलाचा एक निराळाच नकाशा हाती येईल. तो नकाशा सुखावणारा नसेल. पण मुलीची वाट कुठे संपते हे ठाऊक नसताना मुलींनी खेळात पुढे यावे असे भाषण करणे तुलनेने सोपे असते, हेही आपण मान्य करू.

म्हणून माझी सूचना साहित्याच्या शिक्षकांना आहे, आणि ती अगदी व्यवहारी आहे. कड्यासारख्या गावच्या महाविद्यालयात येणारी मुले आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून येतात. इंग्रजी विभागात ती वर्ड्‌स्वर्थ शिकतात आणि लेक डिस्ट्रिक्टवर टिपण लिहितात. मराठी विभागात ग्रामीण साहित्याची वैशिष्ट्ये क्रमवार पाठ करतात. या दोन्ही अभ्यासांच्या मधोमध एक रिकामी जागा आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरापासून शाळेपर्यंतची एक वाट दोन पानांत लिहावी. ‘माझ्या गावची वाट’ असा निबंध नको; आठवणी, गहिवर, म्हणी काही नको. दिशा हवी, जमिनीचा प्रकार हवा, चढ-उतार हवा, कोणत्या महिन्यात काय बदलते ते हवे, आणि जागेला लोक जे नाव देतात तेच नाव हवे. उदाहरणादाखल एक काल्पनिक नोंद अशी होईल : वस्तीच्या पूर्वेच्या बांधाने निघावे, दोनशे पावलांवर बांध संपून मुरमाचा उतार लागतो, उताराच्या तळाशी वगळ आहे, ती श्रावणात गुडघाभर आणि माघात कोरडी, पलीकडे बाभळीच्या काट्यांचे कवाड, ते उघडून पुन्हा लावावे, कारण आत ज्वारी उभी असते. या चार ओळींत एकही अलंकार नाही. तरी ही वाट आपल्याला पळता येईल.

अशा शे-दीडशे नोंदी एका महाविद्यालयात जमल्या तर त्यांचा उपयोग तिहेरी होईल. भाषेच्या अभ्यासकाला ‘वगळ’ आणि ‘लवण’ यांतला फरक कोशाबाहेर, वापरात सापडेल. वाट अडवली गेलीच तर ती होती याचा एक साक्षीदार कागदावर राहील. आणि २०१८ मध्ये गोपाळ सैनी यांचा १९८१ सालचा राष्ट्रीय विक्रम मोडणारे, २०२३ मध्ये हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणारे, २०२४ मध्ये पॅरिसला डायमंड लीगमध्ये ८ मिनिटे ९.९१ सेकंद ही वेळ नोंदवणारे साबळे ज्या मातीतून निघाले, तिच्याविषयी पुढच्या चरित्रकाराला आकड्यापलीकडचे काही सांगता येईल. मांडव्याची ती शाळेची वाट प्रत्यक्ष चालून, तिथल्या माणसांना विचारून लिहिण्याचे काम अजूनही होऊ शकते. त्यासाठी फार मोठ्या प्रतिभेची गरज नाही. जोडे, वही आणि एक सकाळ पुरेशी आहे. मात्र पुढच्या नांगरटीच्या आधी निघायला हवे.